एल्मची पानं गळाली, झाड गेलं का?

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी मला एल्म नावाच्या वृक्षाचं बोन्साय (कुंडीत बुटकं वाढवलेलं झाड) भेट मिळालं. दिवाणखान्यात टीव्हीशेजारच्या कपाटावर ठेवलंय. रोज सकाळी न चुकता दोन चमचे पाणी घालते. कुंडीत वरून पांढरे खडे बसवलेले आहेत. पंधरा दिवसांपासून पानं कुरकुरीत होऊन गळतायत, आता जेमतेम दहा-बारा उरलीत. खत घालू की कुंडी बदलू? झाड मेलं तर नसेल ना?

उत्तर : आधी एका बारीक फांदीची साल नखाने हलकेच खरवडून पाहा. आत हिरवा ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडी निघाली तर थोडं खाली, खोडाच्या दिशेने पुन्हा खरवडा. एल्म चिवट असतं. शेंड्याच्या काड्या वाळल्या तरी जुन्या फांद्यांवरून, खोडावरून ते नव्याने फुटतं. त्यामुळे एवढ्यात आशा सोडू नका.

खत नको आणि कुंडी बदलणंही आत्ता नको. आजारी मुळांना खत सोसत नाही. मुळं छाटून कुंडी बदलायची ती दोन-तीन वर्षांतून एकदा, थंडी सरताना फांद्यांवरचे डोळे (न उमललेले कोंब) फुगू लागले की. तेही झाड धडधाकट असेल तर.

तुमच्या पत्रातला मला खटकलेला शब्द म्हणजे 'बसवलेले'. हे खडे बहुतेक वेळा गोंदाने चिकटवलेले असतात, वाहतुकीत माती सांडू नये म्हणून. त्यांच्यावरून पाणी कडेने ओघळून जातं आणि मधला मातीचा गोळा कोरडा ठणठणीत राहतो. दोन चमचे तर तिथवर पोचतही नसतील. खडे आजच उचकटून काढा. मग कुंडी पाणी भरलेल्या घमेल्यात काठापर्यंत बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि पूर्ण निथळू द्या.

यापुढे घड्याळ बघून पाणी घालू नका. लाकडी काडी मातीत बोटाच्या दोन पेरांइतकी खोचा, पाच-दहा मिनिटांनी काढून गालाला लावा. गार, ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडी लागली तर खालच्या भोकांतून वाहेपर्यंत भरपूर घाला. आत्ता पानंच नाहीत, म्हणजे झाड पाणी कमी पिणार. माती वाळायला जास्त दिवस लागले तर घाबरू नका.

हे इतकं बजावून सांगते, कारण माझं पहिलं एल्म मी उलट चूक करून घालवलं. कुंडीखालच्या ताटलीत कायम पाणी साठलेलं असायचं. पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं, तहानलंय, म्हणून आणखी घातलं. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. वरून झाड तहानलेलंच दिसतं. कुंडीतून काढलं तेव्हा मुळं काळी पडली होती, हाताला लिबलिबीत लागत होती. अजूनही ते आठवलं की जीव हळहळतो.

टीव्हीशेजारची जागा मात्र बदलायलाच हवी. एल्म मुळात उघड्यावर वाढणारा वृक्ष आहे. सकाळचं कोवळं ऊन येणारी खिडकी त्याला द्या, बाल्कनी असेल तर उत्तमच. फक्त अंधारातून एकदम कडक उन्हात नेऊ नका, आठवड्याभरात हळूहळू सरकवा.

नवी पालवी फुटली की लगेच कात्री घेऊन बसू नका. कोंबांना सहा-सात पानं येऊ द्या, मग दोन ठेवून छाटा. पानांखाली बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी या बारीकशा किडीची. पानं खालच्या बाजूने पाण्याने धुऊन काढा. औषध फवारण्याची घाई नको, काही कीटकनाशकांनी एल्म सगळी पानं टाकून देतं.

आणि आकार देण्यासाठी फांद्यांना तार गुंडाळलेली असेल तर नीट बघा. सालीत रुतायला लागली असेल तर उलगडू नका, साल सोलवटेल. प्रत्येक वेढा पक्कडीने वेगळा कापून काढा.