‘पुरे’ म्हटल्यानंतरची अर्धी पोळी

‘डायबेटिस आहे हे कळून वर्ष झालं. आहाराचा तक्ता फ्रिजवर लावलाय, पाठही झालाय. पण आई वाढायला आली की नाही म्हणवत नाही, आणि पाहुण्यांकडे तर प्रश्नच नाही. ताटात पडलेलं टाकायचं कसं?’ आहार-समुपदेशनासाठी येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचा हा फार नेहमीचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका घराच्या निमित्ताने देत आहोत. हे घर अनेक घरं मिळून उभं केलेलं आहे. नावं आणि खुणा बदललेल्या आहेत.

अनंतराव ५४ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात बँकेत नोकरीला. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८.६ टक्के. गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. पहिल्या भेटीत बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, सुमनताई. ‘यांचा जिभेवर ताबाच नाही,’ ही त्यांची तक्रार. त्यांनी घरात पहारा बसवला होता: पोळ्या मोजायच्या, लाडवाचा डबा वरच्या फळीवर ठेवायचा, चारचौघांत ‘अहो, बस झालं’ म्हणायचं. परिणाम ठरलेला. अनंतराव घरी कमी जेवत आणि बँकेतून येताना बेकरीत थांबत. पहाऱ्याने खाणं फार कमी होत नाही, ते फक्त नजरेआड जातं. मग औषधाचा डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांपर्यंतही खरी माहिती पोचत नाही. म्हणून सुमनताईंना पहिली विनंती केली ती दोन आठवडे काहीही न मोजण्याची.

मोजायचं होतं ते वेगळं. आहाराची नोंदवही सगळेच देतात, तिच्यात ‘काय खाल्लं’ एवढंच लिहायचं असतं. इथे तीन रकाने आखून दिले: जेवायला बसताना ताटात काय होतं, नंतर काय वाढलं गेलं, आणि ते कोणी, काय म्हणून वाढलं. आठवडाभराच्या नोंदींतून दिसलं की पहिलं ताट जवळपास तक्त्याप्रमाणेच होतं. गडबड व्हायची ती ‘पुरे’ म्हटल्यानंतर. रात्रीच्या जेवणात तिसऱ्या रकान्यात आईच होत्या, आणि शब्दही तेच: ‘अरे, अर्धीच घे.’

या अर्ध्यांची बेरीज करून पाहण्यासारखी आहे. त्या घरातली घडीची पोळी वजनकाट्यावर ५० ग्रॅम कणकेची निघाली (कोरडं पीठ), म्हणजे साधारण ३२ ग्रॅम कर्बोदकं (अन्नातला जो भाग पचून रक्तात साखर होते तो). तीन वेळा अर्धी म्हणजे ४८ ग्रॅम. शेवटी ‘ताकाशी थोडा भात’ म्हणून अर्धी वाटी, त्याचे आणखी १५ ते १७. एकूण ६५ ग्रॅमच्या आसपास. गूळ, डाळ, कणीक प्रत्येकी ३० ग्रॅम धरली तर एका पुरणपोळीत ५५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं येतात. ‘मी गोड सोडलंय’ असं मनापासून सांगणारा माणूस रोज रात्री पुरणपोळीहून जास्तीची भर पोटात घालत होता आणि त्याला ती जाणवतही नव्हती, कारण एकही घास त्याने मागून घेतलेला नव्हता.

दुसऱ्या भेटीला आईंना बोलावलं. वाढणारा हात समोर नसेल तर असं समुपदेशन अर्धवट राहतं, हे आमचं ठाम मत आहे. आई ऐंशीच्या, माहेर माणदेशातलं. १९७२च्या दुष्काळात त्या दोन लहान मुलं घेऊन खडी फोडायच्या कामावर होत्या. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा परदेशी मिलो (लाल ज्वारी) यांवर दिवस काढलेले. ज्या बाईने मुलांना मोजून भाकरी दिली, तिला आता घरात सगळं असताना मुलाला ‘पुरे’ म्हणू देणं अवघड जाणारच. त्यांना ‘आग्रह करू नका’ असं सांगणं निर्दयपणाचं झालं असतं, आणि त्याचा उपयोगही झाला नसता. म्हणून सांगितलं: आग्रह करायचाच, पदार्थ तेवढे बदलायचे. कोशिंबीर, उसळ, पालेभाजी, ताक यांवर वाढण्याचा पूर्ण अधिकार तुमचा. पोळी आणि भात मात्र बसायच्या आधीच ताटात, आणि त्यांची भांडी स्वयंपाकघरात.

पहिल्या आठवड्यात हे फसलं. कोशिंबीर वाटीभर व्हायला लागली, पण तिच्यात दोन चमचे साखर आणि मूठभर दाण्याचं कूट. दाण्याच्या कुटाने रक्तातली साखर फारशी चढत नाही, पण उष्मांक चढतात, आणि अनंतरावांना वजनही उतरवायचं होतं. साखर काढली, कूट दोन लहान चमच्यांवर आणलं, दही वाढवलं, वर जिऱ्याची फोडणी. उसळीतला बटाटाही गेला.

ताट शेवटी असं बसलं. आपल्याकडे डावी बाजू चवीपुरती असते: मीठ, लिंबू, चटणी, चमचाभर कोशिंबीर. ती मोठी करायची. कोशिंबीर एक पूर्ण वाटी (वाटी १५० मिलिलिटरची धरली आहे), पालेभाजी किंवा फळभाजी एक वाटी, घट्ट उसळ किंवा वरण एक वाटी, प्रत्येकी ३० ग्रॅम पिठाचे दोन फुलके, भात पाव ते अर्धी वाटी. जेवायला सुरुवात वरण-भाताने न करता कोशिंबीर आणि उसळीने करायची. निम्मी संपली की मग फुलका. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की नंतरच्या पिठाची साखर रक्तात सावकाश उतरते. पदार्थ तेच राहतात, फक्त क्रम बदलतो, आणि दोन तासांनंतरच्या साखरेच्या आकड्यात बऱ्याच जणांना फरक दिसतो.

भाकरीबद्दल एक इशारा. ‘पोळी सोडली, आता भाकरीच खातो’ असं अभिमानाने सांगितलं जातं. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण हातावर थापलेली मोठी भाकरी ९० ग्रॅम पिठाची असते आणि तिच्यात सुमारे ६० ग्रॅम कर्बोदकं येतात. म्हणजे एक भाकरी बरोबर तीन फुलके. पीठ एकदा तरी काट्यावर मोजा. नंतर गोळ्याचा अंदाज हाताला बसतो.

घरचं जमलं, आता बाहेरचं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपल्या ताटाचे दोन नियम आहेत: ताटात टाकायचं नाही, आणि उष्टं परत करायचं नाही. दोन्ही चांगले आहेत, ते मोडायची गरज नाही. पण ते लागू होतात पहिला घास घेतल्यावर. त्याच्या आधी ताटातलं काढून ठेवायला कोणतीही रीत आड येत नाही. म्हणून बसल्या बसल्या, हात लावण्याआधी म्हणायचं: ‘वहिनी, यातली एक पोळी आणि निम्मा भात आधी काढून घ्या, लागलं तर मागून घेईन.’ घास घेतल्यानंतर हेच वाक्य निरुपयोगी.

वाढप सुरू झालं की तोंडी ‘नको, नको’ पुरत नाही, कारण ते संकोचाचं मानलं जातं. ताटावर आडवा धरलेला हात मात्र कळतो. जिथे पाहुणचार मोठा, तिथे पुरे झाल्याची खूणही रिवाजातच असते. आखाती देशांत कॉफीचा छोटा कप यजमानाकडे परत देताना हलकेच हलवतात. नुसता पुढे केला तर पुन्हा भरला जातो. जर्मनीच्या ईस्ट फ्रिजियात किमान तीन कप चहा घेण्याची पद्धत आहे आणि थांबायचं असेल तर चमचा कपात ठेवतात. ही खूण कोणालाही अपमानाची वाटत नाही. आपला आडवा हातही तसाच आहे, फक्त तो वाढपी ताटाशी पोचण्याआधी धरायला हवा. चमचा ताटावर आल्यावर धरलेल्या हाताला दाद मिळत नाही.

आणखी एक युक्ती अनंतरावांना सर्वांत जास्त उपयोगी पडली: सावकाश जेवायचं आणि शेवटचे दोन घास पंगत उठेपर्यंत राखून ठेवायचे. वाढपी थांबतो तो रिकाम्या ताटापाशी. भराभर जेवणाऱ्याला सगळ्यांत जास्त वाढलं जातं.

आजाराचं कारण सांगावं का? जवळच्या नातेवाइकांना आधी फोनवर जरूर सांगावं, म्हणजे यजमानीण आपल्यासाठी वेगळी तयारी करू शकते आणि तिलाही बरं वाटतं. पंगतीत मात्र सांगू नये. तिथे सांगितलं की ‘एका दिवसाने काय होतंय’ ही चर्चा सुरू होते, तिचा शेवट बहुधा जिलेबीने होतो.

होळीला पुरणपोळी हवीच होती. वर्षातून दोन-तीनदा येणाऱ्या पदार्थावर बंदी घालायला आमचा विरोध आहे. अशी बंदी मोडते आणि मोडली की सगळंच सुटतं. ठरलं ते असं: आधी कोशिंबीर आणि कटाची आमटी, मग एक पुरणपोळी, त्या जेवणात भात, कुरडई आणि भजी नाहीत. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. साखर तपासायची ती पहिल्या घासापासून दोन तासांनी, आणि पुन्हा तीन तासांनी. पोळीवर तूप असतं. तुपामुळे पोट उशिरा रिकामं होतं आणि साखरेचा चढ पुढे सरकतो. दोन तासांचा आकडा बरा आला म्हणून ‘पचली’ असं समजून दुसरी घेणारे यात फसतात. गूळ म्हणून सूट नाही. रक्तातल्या साखरेच्या हिशोबात गूळ आणि साखर यांत नाव घेण्यासारखा फरक नाही.

एचबीए१सी तीन महिन्यांनी तपासली, कारण त्यात साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दिसते. ती ७.४ आली. या काळात डॉक्टरांनी मेटफॉर्मिनही वाढवलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय ताटाला देणार नाही. सुमनताईंचा पहारा उठला आणि बेकरीची फेरी आपोआप कमी झाली, याला आमच्या लेखी आकड्याइतकंच महत्त्व आहे.

उपवासाचा विषय आईंनीच काढला. अनंतराव संकष्टी करतात. इथे दोन धोके आहेत आणि ते उलट दिशेचे आहेत. पहिला साबुदाण्याचा. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत ५० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं, तंतू जवळपास नाहीत, वर बटाटा. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण डायबेटिसला शब्दशः लागू पडते. त्याऐवजी अर्धी वाटी भगर, दाण्याची आमटी, वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर चालते. दुसरा धोका जास्त गंभीर: चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, उपाशी राहायचं आणि ग्लिमेपिराइड नेहमीच्या वेळी घ्यायचं. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढतच राहते, आणि उपाशीपोटी साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड जाणवली की उपवास तिथेच सोडायचा. साखर ७०च्या खाली असेल, किंवा मोजायचं यंत्र हाताशी नसेल तरी, तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, गरज पडली तर पुन्हा तेवढीच साखर, आणि मग जेवायचं. बेशुद्ध होऊ लागलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड (त्याच प्रकारची गोळी) किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशीचा डोस स्वतः ठरवू नये. संकष्टीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून तो लिहून घ्यावा आणि चिठ्ठी औषधांच्या डब्यातच ठेवावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी वर सांगितलेली उसळ-डाळीची मापंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नयेत.