प्रोसेसरचा ताप आणि तव्याचा ताव

राजारामपुरीतून एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं विचारलंय: ‘प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी कमी केल्यावर त्याची उष्णता ९० अंशांवरून ७० वर आली. इथं फ्रीक्वेन्सीला वारंवारता म्हणावं की कंप्रता?’

बाळा, आधी ती ‘उष्णता ९० अंश’ खोड. अंशांत मोजतात ते तापमान; उष्णता ही ऊर्जा. ऐकून ऐकून कान किटले. फ्रीक्वेन्सी म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला पडणारे ठोके. ते कमी केले की प्रोसेसरला व्होल्टेजही कमी पुरतं, आणि वीज खाल्ली जाते ती ठोके गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशोबानं. ठोके २० टक्के नि व्होल्टेज १० टक्के उतरवलं, तर ठोक्यांपायी जाणारी वीज ३५ टक्क्यांनी घटते. उष्णता कमी निघाली, पंखा तेवढाच फिरला, म्हणून तापमान उतरलं. गुऱ्हाळात काहिलीखालचा जाळ ओढतात, तसंच.

खरी गंमत ‘ताप’ या शब्दात आहे. दोन स्वरांमधला ‘प’ प्राकृतात ‘व’ होतो: दीपचा दिवा, कपाटाचं कवाड, तसा तापाचा ताव. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, सोनं ‘तावून सुलाखून’ घ्यायचं, म्हणजे तापवून आणि भोक पाडून आत खोट नाही ना ते बघायचं. भांडणारा तावातावानं बोलतो तोही हाच ताव. तांबड्या रश्श्यावर आपण ताव मारतो तोही हाच, असं माझं ठाम मत आहे. कुणी हसलं तर हसू दे. कागदाचा ताव तेवढा परक्या घरचा.

आणि तवा! त्याच्यावर ‘फारसी’ असा शिक्का मारून मोकळे होणाऱ्या पंडितांनी जरा दिव्याकडं बघावं. तपपासून तवा घरच्या घरी होतो. फारसीत ‘ताबा’ आहे, कबूल; पण तोही याच मुळाचा, आपला चुलतभाऊ. चुलतभावाकडं तवा आहे म्हणून आपला तवा उसना कसा?

हां, प्रश्न राहिलाच. विश्वकोशात ‘कंप्रता’ आहे, आणि सतारीच्या तारेला ती शोभते. पण ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. तिथं पुन्हापुन्हा येणारा ‘वार’च मोजायचा असतो. वारंवारता लिही. आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ला, म्हणजे फार तापल्यावर प्रोसेसर आपणहून ठोके कमी करतो त्याला, मराठी शब्द शोधत असशील, तर ‘ताव उतरवणे’ लिहून बघ.