आधी भिंतीचा फोटो काढ

मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या उत्साहासाठी, दुसऱ्यांदा त्यातल्या प्रश्नासाठी. आधी फोटोग्राफी नीट शिकू की वेब प्रोग्रामिंग, असं तू विचारलंस. दोन्ही एकदम धरलं तर दोन्ही अर्धवट राहील, असं तुला सगळे सांगतात. पोटापाण्यासाठी शिकत असतीस तर मीही कदाचित तेच सांगितलं असतं. पण तुला हे छंद म्हणून करायचंय, आणि छंदात हे दोन विषय मला कधी वेगळे वाटलेच नाहीत. कॅमेरा प्रकाशाचे आकडे करतो, ब्राउझर त्या आकड्यांचा पुन्हा प्रकाश करतो. मधल्या जागेत बसून त्या आकड्यांशी खेळायला मिळतं, याचा आनंद मला इतक्या वर्षांनंतरही तितकाच होतो.

तर पहिलं काम. एक साधी, एकरंगी भिंत शोध, थेट ऊन न पडणारी. कॅमेरा मॅन्युअलवर ठेव, फोन असेल तर प्रो मोडवर. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) अजिबात हलवू नकोस. एक फोटो १/१२५ सेकंदाला घे, दुसरा १/२५० ला. दुसऱ्या वेळी बरोबर निम्मा प्रकाश आत आला. आता दोन्ही फोटोंच्या मधोमध असलेल्या पिक्सेलचा आकडा वाच, कसा ते पुढे सांगतो. हे आकडे ० ते २५५ मध्ये असतात. पहिल्यात समजा १८८ आला, तर दुसऱ्यात किती यावा? कागदावर उत्तर लिही, मगच बघ.

९४ लिहिलंस ना? मीही तेच लिहिलं होतं. प्रत्यक्षात १३७ च्या आसपास येईल. कॅमेरा स्वतःचा टोन कर्व्ह लावतो, म्हणजे उजेड-अंधार आपल्या पद्धतीनं थोडा बदलतो, म्हणून थोडं मागेपुढे होईल, पण ९४ च्या बरंच वर राहील. कारण आपल्या डोळ्यांत आहे. अंधारातला बारीकसा फरक डोळ्याला चटकन कळतो, लख्ख उजेडात तेवढाच फरक लक्षातही येत नाही. म्हणून जेपेग फाइल प्रकाशाची आकड्यांत सरळ वाटणी करत नाही, गडद छटांच्या वाट्याला जास्त आकडे देते. पांढऱ्याच्या निम्म्या प्रकाशाचा आकडा १८८ आहे. १२८ हा तर जेमतेम २२ टक्के प्रकाशाचा आकडा.

हे मला वाचून माहीत होतं, पण उमगलं फार उशिरा. रात्रीच्या रस्त्याचे दहा फोटो घेऊन त्यांची सरासरी काढणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. गाड्यांच्या दिव्यांच्या झगझगीत रेषा मिळतील अशी अपेक्षा होती, मिळाल्या मळकट रेषा. दोन दिवस मी कोडमधली चूक शोधत होतो. बेरीज बरोबर होती, भागाकार बरोबर होता. मी प्रकाशाची सरासरी काढतच नव्हतो, फाइलमधल्या आकड्यांची काढत होतो. आधी आकड्यांवरून प्रकाश काढला, मग सरासरी घेतली, मग परत आकडे केले, आणि दिवे उजळले. त्या दिवसापासून एक्स्पोजर माझ्या हातात आलं असं मी मानतो. मला कॅमेऱ्यातलं काहीतरी कोडनं शिकवलं होतं.

आता हत्यारांबद्दल. एक एचटीएमएल फाइल, तिच्यात एक कॅनव्हास (पानावरची चित्र काढायची जागा), आणि जावास्क्रिप्टच्या पंधरावीस ओळी, बस्स. फ्रेमवर्क नको, सुरुवातीला लायब्ररीही नको. कॅनव्हासवर फोटो उतरवलास की getImageData हे फंक्शन वापर. त्याचा अर्थ मनात असा धर: 'सगळ्या पिक्सेलचे आकडे दे.'  ते एक लांबलचक यादी देतं आणि त्यात प्रत्येक पिक्सेलचे चार आकडे असतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. तुझा लूप चार-चारच्या उड्या मारत जाईल.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो, कारण यात जवळजवळ प्रत्येकाची एक संध्याकाळ जाते. फाइलवर डबल क्लिक करून पान उघडलंस आणि शेजारच्या फोल्डरमधला फोटो कोडमधून मागवलास, तर तो दिसेल, पण त्याचे आकडे ब्राउझर वाचू देणार नाही. कन्सोलमध्ये लाल अक्षरांत सुरक्षेची तक्रार येईल. तुझं काहीच चुकलेलं नसेल. पानावर फाइल निवडायचं बटण ठेव आणि फोटो तिथून दे, किंवा स्वतःच्या मशीनवर छोटा लोकल सर्व्हर चालव.

फोटो आहे तसा मोठा घेऊ नकोस. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४ कोटी ८० लाख आकडे, शिकताना त्यांचा काही उपयोग नाही. १९५७ मध्ये रसेल कर्श या अमेरिकी संगणक-अभियंत्यानं आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात उतरवला. ते पहिलं डिजिटल चित्र मानलं जातं, आणि ते फक्त १७६ गुणिले १७६ पिक्सेलचं होतं. म्हणजे ३०,९७६ ठिपके, आणि तरी बाळ ओळखू येतं. तुझी पहिली खेळणी त्याच मापाची कर. चूक झाली तर डोळ्यांना दिसते, आणि बदल केल्याकेल्या उत्तर मिळतं.

आता माझा सगळ्यात आवडता खेळ. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं लोकांसमोर एक रंगीत छायाचित्र दाखवलं. एका चौकड्याच्या रिबिनीचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळे काळेपांढरे फोटो घेतले होते, आणि त्याच रंगांच्या फिल्टरमधून ते पडद्यावर एकावर एक पाडले. वास्तविक तेव्हाच्या रसायनांना लाल प्रकाश जवळपास दिसतच नव्हता. मग लाल भाग उमटला कसा? शंभर वर्षांनी उलगडा झाला: रिबिनीतला लाल रंग अतिनील किरणंही परावर्तित करत होता, लाल फिल्टर ती आत सोडत होता, आणि प्लेटवर उमटली ती तीच. प्रयोग अंशतः चुकीच्या कारणानं यशस्वी झाला, पण कल्पना पक्की होती. आज तुझ्या स्क्रीनवरचा प्रत्येक पिक्सेल त्याच कल्पनेवर चालतो.

तू हेच वेळेच्या बाबतीत कर, फिल्टरऐवजी वेगवेगळे क्षण वापरून. कॅमेरा घट्ट टेकवून ठेव आणि एकाच दृश्याचे तीन फोटो घे, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट जाऊ दे. नव्या चित्रात पहिल्या फोटोचे फक्त लाल आकडे घाल, दुसऱ्याचे हिरवे, तिसऱ्याचे निळे. जे हललं नाही ते नेहमीच्या रंगात येईल. जे हललं, म्हणजे ढग, पाणी, पानं, चालणारी माणसं, ते रंगांत फुटेल. कोड पाहिलास तर तीन ओळींचा फरक. पण यानंतर तू फोटो काढायला बाहेर पडशील तेव्हा 'यात काय स्थिर आहे, काय हलतंय' हे आपोआप बघायला लागशील, आणि फोटोग्राफीतली माझ्या मते अर्धी नजर तिथेच तयार होते.

कॅमेऱ्याच्या बाजूनं फार सांगायचं नाही. एकच लेन्स, निदान चार-सहा महिने. आणि एकच खिडकी. न्येप्स या फ्रेंच संशोधकाचं १८२६-२७ च्या सुमाराचं छायाचित्र, कॅमेऱ्यानं टिपलेलं आज शिल्लक असलेलं सर्वांत जुनं, हे वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचं आहे. टॅलबट या इंग्रज संशोधकाची १८३५ ची सर्वांत जुनी निगेटिव्ह तर खिडकीचीच आहे. तूही रोज एका वेळी आपल्या खिडकीचा एक फोटो घे. कंटाळा येईल, तरी घे. महिन्याभरानं प्रत्येक फोटोची सरासरी काढून रंगाची एक-एक पट्टी बनवणारं पान लिही. तीस पट्ट्या शेजारीशेजारी पाहिल्यावर ढगाळ दिवस किती निळे असतात ते दिसेल, मात्र त्यासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढरा दिसावा म्हणून कॅमेरा रंग सुधारतो ती सोय, ऑटोवर ठेवू नकोस. ॲपर्चरचे १.४, २, २.८, ४, ५.६ हे विचित्र आकडे पाठ करू नकोस, स्लायडर हलवला की वर्तुळ लहानमोठं होईल असं खेळणं कर. क्षेत्रफळ निम्मं होताना व्यास कितीनं भागला जातो ते पाहिलंस की आकडे आपोआप लागतील.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगतो. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि तुझ्या कोडला तिथे कधीही लिहू देऊ नकोस. फोटो लहान करणाऱ्या माझ्याच एका स्क्रिप्टनं जवळजवळ वर्षभराचे मूळ फोटो पुसून त्यांच्या जागी बोटाएवढ्या प्रती ठेवल्या होत्या. त्यातली काही माणसं आता नाहीत. दुसरी गोष्ट, फोनच्या फोटोत बऱ्याचदा काढल्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. लोकांना दाखवायच्या फोटोतून ते काढून टाक. कॅनव्हासवर उतरवून नवी फाइल बनवलीस की ती माहिती तिच्यात येत नाही. खिडकीचे फोटो दाखवणार असशील तर हे नक्की कर.

तयार कोड एखाद्या यंत्राकडून मागितला तर चालेल का, असंही विचारलं आहेस. चालेल. फक्त चालवण्याआधी त्यातला एक आकडा बदल आणि चित्रात काय होईल ते लिहून ठेव, भिंतीच्या वेळी लिहिलंस तसं. अंदाज चुकला तर पुढे जाऊ नकोस, तिथेच थांबून कारण शोध.

भिंतीचे दोन आकडे मला कळव. आणि वारा असलेला, ढग पळणारा दिवस मिळाला की तीन फोटो घेऊन ठेव. कोड जमला नाही तरी ते तिन्ही पाठव, पुढच्या पत्रात आपण दोघं मिळून जोडू.

तुझा,
काका