गणिताची आवड असलेल्या मुलीला डॉक्टर का करायचे?

सप्रेम नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. आपल्या मातोश्रींप्रमाणे आपलेही हात थरथरतात, दोनदा फीट आली आणि तपासणीत ‘एसटीएआरडी७’ या जनुकात दोष, म्हणजे घराण्यात चालत येणारा अपस्माराचा (फीट येण्याचा) आजार, निघाला. म्हणून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) असलेल्या मुलीने ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊन डॉक्टर व्हावे आणि या आजारावर औषध शोधावे, असे आपण ठरवून टाकले आहे. तिला गणितात बी.एस्सी. करायची आहे, हे मात्र आपण एका ओळीत उरकलेत.

तिच्या गुणांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती ‘लग्नाआधी तिचीही तपासणी गुपचूप करून घेऊ’ या वाक्याची. कृपा करून असे करू नका. प्रत्येक अपत्यात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते; परंतु आजार बहुधा तरुण किंवा प्रौढ वयात दिसू लागतो आणि आधी कळल्याने तो टळेल असा उपाय आज उपलब्ध नाही. म्हणून तपासणी करायची की नाही, हे वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर, जनुकीय समुपदेशकाशी बोलून तिनेच ठरवायचे आहे. हिंदू विवाह कायद्यातील ‘अपस्मार नसावा’ ही अटसुद्धा १९९९ मध्ये काढली गेली. मग घरात ही लपवाछपवी कशासाठी?

‘चरबीचे जनुक’ म्हणून आपण घरातले तूप-तेल बंद केलेत, हा गैरसमज आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन फॉस्फॅटिडिलकोलीन नावाचा स्निग्ध पदार्थ पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोहोचवते, हे खरे. पण २०१९ मध्ये उघड झालेला दोष त्या प्रथिनाच्या कृतीत नसून जनुकाच्या मधल्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात आहे, जिथे ‘एटीटीटीसी’ ही डीएनएची पाच अक्षरे शेकडो वेळा पुन्हापुन्हा येतात. अशाच पाच अक्षरी पुनरावृत्ती ‘एसएएमडी१२’ या वेगळ्याच जनुकात वाढल्या, तरी हाच आजार होतो. तेव्हा ताटातले तूप निर्दोष आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र चुकवू नका.

‘नीट’ किंवा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने ठेवलेल्या वैद्यकीय जागा, हे मार्ग तिने स्वतः मागितले तरच सांगेन. गणितासाठी बेळगावात चांगली महाविद्यालये आहेत. तिथे प्रवेश घेऊ द्या.

सांडू नये म्हणून आपल्या कपात ती चहा अर्धाच ओतते, असे आपणच लिहिले आहे. म्हणजे तिला बरेच काही कळलेले आहे. तो तपासणीचा अहवाल कपाटातून काढून येत्या रविवारी तिच्यासमोर ठेवा आणि तिचे प्रश्न ऐकून घ्या.