रीस्टार्ट केल्यावर लेव्हल शून्यावर जाते, मग आरपीजीमध्ये प्रगती नेमकी कशाची होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एक प्रायोगिक आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याला वाढवत न्यायचा गेम) खेळताय. मेलं की गेम पहिल्यापासून सुरू होतो, लेव्हल (पात्राच्या ताकदीचा आकडा) जाते, सामान जातं, पण एकदोन पात्रं मागच्या फेरीतलं काहीतरी आठवत असल्यासारखी बोलतात. हे मुद्दाम केलंय का, अशा गेममध्ये पुढे जाणं म्हणजे काय, आणि आत्ता अर्ध्यावर असताना नव्याने सुरुवात करावी का?

गेमचं नाव तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे त्याची गुपितं माझ्याकडून फुटणार नाहीत. पण उदाहरणं देताना दुसऱ्या काही गेममधल्या गोष्टी उघड कराव्या लागतील. अंडरटेल किंवा निअर ऑटोमाटा खेळायचा राहिला असेल, तर त्यांची नावं दिसतील ते परिच्छेद सोडून पुढे जा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, मुद्दाम आहे. पात्राला मागची फेरी आठवणं हे चुकून होत नाही. त्यासाठी सेव्ह (साठवलेला खेळ) पुसल्यावरही टिकेल अशी नोंद कुठेतरी ठेवावी लागते आणि एकाच प्रसंगाचे दोनदोन, तीनतीन संवाद लिहावे लागतात. ज्यांनी एवढा खटाटोप केला, त्यांनी तुम्ही रीस्टार्ट करणार हे धरूनच गेम बांधलाय. म्हणून माझा सल्ला असा की लेव्हलचा आकडा काही काळ विसरा आणि हा गेम काय पुसत नाही ते शोधा. जे पुसलं जात नाही, तिथे तुमची प्रगती साठतेय.

लेव्हल गेली की सगळं गेलं असं आपल्याला वाटतं, ते सवयीमुळे. १९८० च्या ‘रोग’ (Rogue) या गेममध्ये मेलात की विषय संपला. साठवलेला खेळ पुन्हा उघडला की सेव्ह फाइल गेम स्वतःच पुसून टाकायचा, त्यामुळे मागे जाऊन दुसऱ्यांदा नशीब आजमावायची सोय नव्हती, आणि पुढच्या वेळी तळघराचा नकाशाही वेगळा. खेळणाऱ्याच्या डोक्यात जे राहील तेवढंच त्याचं. १९८६ मध्ये ड्रॅगन क्वेस्ट आला आणि त्याने उलटा हिशोब मांडला. हरलात तर जवळचं निम्मं सोनं जाईल, पण अनुभवाचे गुण आणि लेव्हल जशीच्या तशी. राजासमोर उठायचं आणि परत निघायचं. हरतानासुद्धा आकडा वाढत राहायचा, त्यामुळे चिकाटी असलेला कुणीही शेवटपर्यंत पोचू शकायचा. आपल्या ओळखीच्या बहुतेक आरपीजी या दुसऱ्या घराण्यातल्या आहेत. पुढे १९९५ च्या क्रोनो ट्रिगरने ‘न्यू गेम प्लस’ हे नाव रूढ केलं: गोष्ट पहिल्यापासून, पण कमावलेली ताकद सोबत. त्यातही खरी गंमत ताकदीत नाही. दुसऱ्या फेरीत शेवटच्या शत्रूला गोष्टीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर गाठता येतं, आणि कधी गाठलं त्यावर शेवट बदलतो. पहिल्या फेरीत हे बहुतेक शेवट हाती लागणं जवळजवळ अशक्य.

प्रायोगिक गेम या हिशोबातच हात घालतात. काय राहावं, काय जावं आणि ते कुणाच्या खात्यात जमा व्हावं, याचे नेहमीचे नियम ते मोडतात.

मला यातलं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे २००० सालचा झेल्डा: मेजोराज मास्क. काटेकोरपणे तो आरपीजी नाही, पण रीस्टार्टचा इतका बारीक विचार मी फार थोड्या गेममध्ये पाहिलाय. चंद्र कोसळायला गेममधले ७२ तास उरलेत. ओकारिना या फुंकून वाजवायच्या वाद्यावर एक धून वाजवली की पहिल्या दिवसाची सकाळ परत येते. मुखवटे, शिकलेल्या धुना आणि महत्त्वाची अवजारं राहतात. बाण, बॉम्ब, खिशातले पैसे जातात. पण बँकेत ठेवलेले पैसे राहतात! त्यामुळे धून वाजवायच्या आधी बँकेकडे धावत जाणं हा प्रत्येक फेरीचा भाग होतो. इथवर हे नुसतं सामानाचं गणित आहे. पण ज्या माणसांना तुम्ही तीन दिवस खपून मदत केली, ती मदतही पुसली जाते. त्याच जागी, त्याच अडचणीत ती पुन्हा उभी, आणि तुम्हाला ओळखतही नाहीत. तुमच्या वहीत मात्र त्यांची नोंद आहे. ती वही उघडून कोण किती वाजता कुठे असतं हे बघत फिरताना कळतं की लेव्हल नावाची गोष्ट नसतानाही आपण किती पुढे आलोय. पहिल्या फेरीत त्या गावात नुसते भटकत होतो, आता दुपारी टपालवाला कुठून जाणार हे आपल्याला ठाऊक आहे.

तुमच्या गेममध्ये पात्रांना आठवतं म्हणता, तर त्या जातीचा सगळ्यात प्रसिद्ध गेम २०१५ चा अंडरटेल. सुरुवातीला टोरिएल तुमची काळजी घेते आणि मग तीच वाट अडवते. पुष्कळ जण तिला मारून बसतात, वाईट वाटतं, सेव्ह लोड करतात आणि या वेळी तिला जिवंत सोडतात. गेमने काही पाहिलं नाही असं समजून पुढे जावं, तर फ्लाउई (एक बोलणारं फूल) वाटेत गाठतो आणि तुम्ही तिला मारलं होतं, पस्तावलात आणि मागे आलात, हे तोंडावर बोलून दाखवतो. दुसरी जागा मला त्याहून मोलाची वाटते. राजा अ‍ॅसगोरशी लढताना एकदा मरून परत आलात आणि त्याच्याशी बोलायचा पर्याय निवडलात, तर तुम्ही त्याला सांगता की याआधी तू मला मारलं आहेस. तो खिन्नपणे मान हलवतो. बस, एवढंच. लढाई तशीच चालू राहते, एकही आकडा बदलत नाही. पण तुमचं मरण गोष्टीच्या आत आलं. लोड बटण दाबून जे आपण नेहमी ‘घडलंच नाही’ म्हणून सोडून देतो, ते घडलं होतं असं समोरचा मान्य करतो. आणि सगळ्यांना मारत जाणारी वाट शेवटपर्यंत चाललात, तर सगळं रीसेट केल्यावरसुद्धा त्याचा डाग राहतो आणि नंतरच्या चांगल्या शेवटावरही तो उमटतो.

तुमच्या गेमचं असंच असेल, तर त्या आठवण ठेवणाऱ्या पात्रांकडे प्रत्येक फेरीत पहिल्यांदा जा. प्रगतीचा काटा तिथे आहे. त्यांचं वाक्य बदललं की तुम्ही पुढे सरकलात, मग तुमची लेव्हल १ असो नाहीतर १०.

एक धोक्याची सूचना. आठवण ठेवणारा गेम दर वेळी मायाळू असेल असं नाही. २०१९ चा पॅथॉलॉजिक २ घ्या. साथीने ग्रासलेलं गाव, हातात बारा दिवस. त्यात मेलात की कायमची शिक्षा लागते, आणि ती जुन्या सेव्हनाही लागू होते. कालची सेव्ह उघडून मरण टाळावं म्हटलं, तरी शिक्षा तिथे आधीच हजर. काही मरणांनंतर एक जण येऊन ती माफ करायची तयारी दाखवतो, पण त्याबदल्यात जे मागतो ते शेवटाला जाऊन नडतं. मला हे क्रूर वाटत नाही. साथीच्या गोष्टीत मरण फुकट असतं, तर ती साथ कशाची? फक्त हे आधी माहीत असायला हवं. नाहीतर माणूस जुन्या सेव्हमागून जुन्या सेव्ह उघडत बसतो आणि गेममध्ये बग आहे असं समजून तो सोडून देतो.

आता तुमच्या गेममध्ये काय टिकतं हे कसं शोधायचं? ज्या फेरीत गमावण्यासारखं फारसं नाही, अशा फेरीत मुद्दाम मरा. त्याआधी चार गोष्टी करून ठेवा. एखादी क्षुल्लक वस्तू कुठल्यातरी पेटीत ठेवा, एखादा आडवाटेचा दरवाजा उघडा, एका पात्राला नेहमीपेक्षा वेगळं उत्तर द्या, आणि नकाशा किंवा नोंदवही असेल तर तिचा स्क्रीनशॉट काढा. मग मरा आणि चारही जागा तपासा. पेटीत वस्तू असेल तर सामान टिकवायची सोय आहे आणि मरायच्या आधी तिचा वापर करायचाय. दरवाजा उघडा राहिला असेल तर जग लक्षात ठेवतंय. पात्र बिचकलं तर माणसं लक्षात ठेवताहेत. यातलं काहीच नसेल, तर तुम्ही काय शिकलात एवढंच टिकतंय, आणि मग वही-पेन घेऊन बसा. कुठला कुलूपकोड, कुणाची वेळ, कुणाचं खोटं पकडलं, हे लिहीत जा. अशा गेममध्ये जाणकार माणूस नव्या सेव्हवर अर्ध्या तासात शेवटाला पोचतो, कारण त्याला फक्त कुठे जायचं हे कळायला हवं होतं.

मरून फक्त ताकद वाढवणारे गेमही आहेत, त्यांच्याबद्दल फार डोकं खाजवू नका. २०२० च्या हेडीजमध्ये ‘गॉड मोड’ लावला तर मार २० टक्के कमी लागतो आणि दर मरणागणिक ही सूट २ टक्क्यांनी वाढत ८० टक्क्यांपर्यंत जाते. तिथे खेळत राहणं हेच उत्तर. शिवाय मेल्यावर घरी परतलं की कुणीतरी काहीतरी नवीन बोलतं, म्हणून मरायचा कंटाळाही येत नाही.

शेवटचा प्रश्न: अर्ध्यावर नव्याने सुरुवात करावी का? कारण काय आहे त्यावर ठरवा. एखादा निर्णय चुकला, कुणी दुखावलं गेलं, फासा उलटा पडला, एवढंच कारण असेल तर अजिबात नको. डिस्को एलिझियममध्ये (२०१९) फासे टाकून ठरणाऱ्या दोन प्रकारच्या चाचण्या आहेत, पांढऱ्या आणि लाल. पांढरी फसली तर त्या कौशल्यात गुण टाकून किंवा परिस्थिती बदलून पुन्हा करता येते, लाल एकदाच. लाल फसली की लोक लगेच लोड करतात, आणि तिथेच गेमचं उत्तम लेखन हातचं घालवतात, कारण फसल्यावरचे प्रसंगही तितक्याच जीव ओतून लिहिलेत. पॉइंट चुकीच्या जागी टाकल्यामुळे अडकला असाल, तर ते परत वाटून देणारं पात्र किंवा वस्तू गेममध्ये आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा असते. खूप दिवस गेम हातात घेतला नव्हता आणि कोण कुणाचं काय लागतं हेच आठवत नाही, तर मात्र खुशाल नव्याने सुरू करा. गोष्टीवर चालणाऱ्या गेममध्ये धागा तुटला की पुढचं सगळं कोरडं लागतं.

आणि गेम संपल्याची नावं पडद्यावर सरकली म्हणून रीस्टार्टची वेळ आली असं समजू नका. निअर ऑटोमाटामध्ये (२०१७) पहिल्या शेवटानंतर तीच सेव्ह उघडायची असते. दुसरी फेरी बरीचशी तीच गोष्ट दुसऱ्या पात्राच्या बाजूने दाखवते आणि तिसऱ्या फेरीत गोष्ट नव्याने पुढे सरकते. नवीन सेव्ह सुरू केली तर तुम्ही पुन्हा पहिल्याच फेरीत. त्या गेमच्या अगदी शेवटी एका अनोळखी खेळाडूला मदत पोचावी म्हणून तुमची सगळी सेव्ह पुसायची तयारी आहे का असं विचारलं जातं. मी हो म्हटलं, आणि त्याबद्दल आजही बरं वाटतं. तिथे रीस्टार्ट ही एखाद्याला द्यायची वस्तू होते.

फेरी सोडून द्यायची खूणही सांगतो, कारण ‘प्रायोगिक’ या शब्दाआड सगळंच खपवून घ्यायचं कारण नाही. दुसऱ्या फेरीचा पहिला तास नीट बघा. पाहिलेले संवाद पटापट पुढे नेता येतात का, एखादी जवळची वाट उघडली का, निदान एक तरी वाक्य नवीन ऐकलं का? तीनही ठिकाणी नाही असेल, तर गेम तुमचा वेळ खातोय. तुमच्या गेममध्ये पात्रं आठवण काढताहेत, म्हणजे तिसऱ्याचं उत्तर आधीच हो आलंय. तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर अर्ध्यावरची फेरी पुढे चालवली असती. पीसीवर खेळत असाल तर आधी क्लाउड सिंक (सेव्ह आपोआप इंटरनेटवर साठवणारी सोय) बंद करून सेव्हचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कारण सिंक चालू असताना जुनी फाइल परत ठेवली तरी तिच्यावर नवी चढू शकते. कॉपी करताना पूर्ण फोल्डर घ्या, एकटी सेव्ह फाइल नको. पात्रांच्या आठवणी काही गेम वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. मग त्या पात्राकडे जा आणि त्याचं बोलणं पुन्हा पहिल्यावर येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा.