मुलीची गोळी सुरू आहे, हे शाळेला सांगायचं का?

“मॅडम, डॉक्टरांनी मुलीला मानसिक आजारावर गोळी सुरू केलीय. पण शाळेत कळलं तर?” पालक हा प्रश्न बहुतेक वेळा उठता उठता, दाराशी पोचल्यावर विचारतात. शिक्षक भर वर्गात बोलून दाखवतील, मुलं चिडवतील, दाखल्यावर शेरा येईल, पुढे लग्नाच्या वेळी कुणीतरी उकरून काढेल, अशी ती काळजी असते. दाखल्याचं आधी सांगून टाकते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण असे रकाने असतात. आजाराचा रकाना नसतो.

बाकीच्या काळजीसाठी सईचा अनुभव सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायला तिची व तिच्या आईची परवानगी आहे.

सई सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीत होती. वह्या कायम अपुऱ्या. गणिताचं एक उदाहरण उतरवायला अख्खा तास जायचा. आकडा लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा, कागद विरेपर्यंत. मग पान फाडून पहिल्यापासून. घरच्यांना वाटायचं, सुंदर अक्षराचा हट्ट आहे. एका सरांचं मत होतं की अभ्यास टाळायची नाटकं आहेत. खरं कारण तिने मला बऱ्याच भेटींनंतर सांगितलं. सात किंवा नऊ वाकडा राहिला तर बाबांच्या ट्रकला अपघात होईल, असं तिच्या मनात यायचं. असं काही होत नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी हात थांबायचा नाही.

मनोविकारतज्ज्ञांनी निदान केलं ओसीडीचं, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो त्याचं. सर्ट्रालिन ही गोळी कमी मात्रेत सुरू झाली. या आजारात गोळीचा गुण दिसायला कित्येक आठवडे लागतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगितलं. माझ्याकडे जोडीला ईआरपी ही थेरपी सुरू झाली. तिच्यात भीती येऊ द्यायची, पण ती घालवण्यासाठी ठरलेली कृती करायची नाही. सईने मुद्दाम वाकडा सात लिहायचा आणि तसाच राहू द्यायचा. भीती चढते, थोडा वेळ छळते आणि खोडरबर न उचलताही उतरते, हे तिने स्वतः पुन्हा पुन्हा अनुभवायचं.

माझ्या खोलीत तिला हे जमायला लागलं. शाळेत काहीच फरक नव्हता. कारण वर्गशिक्षिकेच्या वहीवरच्या शेऱ्यांतून हळूहळू उलगडलं. बाई फार मायाळू. सई दर ओळीला विचारायची, “बाई, बरोबर लिहिलंय ना?” आणि बाई दर वेळी म्हणायच्या, “हो गं, बरोबर आहे.” मधल्या सुट्टीतही तिला लिहीत बसू द्यायच्या, पान फाडलं तर नवी वही द्यायच्या. ओसीडीत अशी खात्री मिळाली की मुलाला दोन मिनिटं बरं वाटतं, आणि मग तोच प्रश्न जास्त जोराने परत येतो. बाईंचा यात काडीचा दोष नव्हता. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. आम्ही दवाखान्यात जे सोडवत होतो, ते शाळेत रोज सहा तास प्रेमाने बांधलं जात होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळेला सांगावं. पण काय, किती आणि कुणाला, हे ठरवून.

आधी सईला विचारलं. कायद्याने अल्पवयीन मुलीसाठी पालक निर्णय घेतात, हे खरं. पण चौदा वर्षांच्या मुलीला न विचारता तिची गोष्ट शाळेत पोचली, तर ती पुढे कुणालाच काही सांगणार नाही. सई म्हणाली, “बाईंना सांगा. गणिताच्या सरांना नको, ते वर्गात बोलतील.” तिचा हा अंदाज आम्ही मान्य केला. आजाराचं नाव वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका या दोघींनाच कळेल, असं ठरलं. गणिताच्या सरांना मुख्याध्यापिकांकडून फक्त सूचना गेल्या: सई पेनने लिहील, चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जाईल, पान फाडू देऊ नये, अपुरी वही तशीच तपासावी. त्यांना एवढंच पुरेसं होतं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. म्हणजे शाळेने फोन केला म्हणून डॉक्टर किंवा मी काही सांगणार नाही. जे जाईल ते तुमच्या संमतीने जाईल. डॉक्टरांची ओपीडी दिवसभर भरलेली, ते शाळेत येणं शक्यच नव्हतं. त्यांनी आठ-दहा ओळींची चिठ्ठी दिली. घरात काय घडलं, सईच्या मनात कोणते विचार येतात, यातलं तिच्यात काही नव्हतं. वर्गात काय करायचं, काय टाळायचं आणि कशाची खबर लगेच द्यायची, एवढंच होतं. मुख्याध्यापिकांनी ती स्वतःच्या कपाटात ठेवली आणि एक नियम घातला: सईबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक अक्षर लिहायचं नाही. स्टाफरूममध्ये कुणी “ती वेडसर मुलगी” म्हणालं, तेव्हा बाईंनी तिथल्या तिथे थांबवलं. ही बातमी मला सईच्या आईकडून कळली आणि मनापासून बरं वाटलं.

परीक्षेवरून मात्र बरीच चर्चा झाली. बाईंना वाटत होतं, तिला अर्धा तास जास्त द्यावा. अनेक मुलांना जादा वेळेची खरोखर गरज असते. पण सईचा जादा वेळ तपासण्यात आणि खोडण्यातच गेला असता. डॉक्टर, बाई आणि मी फोनवर बोललो. घटक चाचणीत वेळ तेवढाच ठेवायचा, प्रश्न कमी करायचे आणि पुढे हळूहळू पूर्ववत करायचे, असं ठरलं. “बरोबर आहे ना?” या प्रश्नालाही बाई दिवसातून एकदाच उत्तर देऊ लागल्या. पुढच्या वेळी त्या म्हणायच्या, “हा प्रश्न आजार विचारतोय. तू पुढची ओळ लिही.” पहिले काही दिवस सई रडली. बाईही घरी जाऊन रडल्या, असं त्यांनी मला सांगितलं. तरी त्या ठाम राहिल्या.

शाळेकडून दवाखान्याकडे येणारी माहितीही तितकीच मोलाची, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. गोळीची मात्रा वाढवल्यावर बाईंच्या लक्षात आलं की सई एका जागी बसत नाही, पाय सारखे हलतात, मैत्रिणींवर खेकसते. घरी ती खोलीत एकटी असायची, त्यामुळे आईला हे दिसलं नव्हतं. बाईंनी त्याच दिवशी आईला फोन केला, आईने डॉक्टरांना, आणि मात्रा बदलली गेली. सर्ट्रालिनच्या गटातली औषधं सुरू करताना किंवा मात्रा बदलताना पहिले काही आठवडे किशोरवयीन मुलांवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. अस्वस्थता, झोप उडणं, अचानक चिडचिड आणि मुख्य म्हणजे जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं. यातलं शेवटचं कुणाच्याही कानावर आलं, तर गुप्ततेचा विचार न करता तत्काळ पालकांना आणि डॉक्टरांना कळवायचं. हे मी सईला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं.

वार्षिक परीक्षेत सईने सगळे पेपर वेळेत दिले. गणिताच्या पेपरात बरीच खाडाखोड होती, पण पान शाबूत होतं. आजार पूर्ण गेलेला नाही. बाबा लांबच्या फेरीवर असले की आकडे अजून त्रास देतात. गोळी सुरू आहे, माझ्याकडे येणं कमी झालंय.

तुमची मुलगी वर्गात एकटी आहे असं वाटत असेल, तर एक आकडा सांगते. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं होतं. साठ मुलांच्या वर्गात चार मुलं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, “शाळेसाठी चिठ्ठी द्याल का? तिच्यात काय लिहिणार, हे आधी मला आणि मुलीला वाचू द्या.” शाळेत एकच माणूस निवडा, मुलीचा विश्वास असलेला. शाळेत समुपदेशक आहे का, तेही विचारा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. गावात कुणीच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत कधीही, मराठीतही, बोलता येतं.