मसाला टोस्ट मऊ का पडतो?

प्रश्न : गॅसवर धरायच्या चिमट्याच्या टोस्टरमध्ये मी मसाला टोस्ट करते. ब्रेड बाहेरून करपतो, आतला बटाटा मात्र गारच राहतो. मुंबईत गाडीवर मिळतो तसा कुरकुरीत होत नाही, आणि ताटात घेईपर्यंत मऊ पडतो. काय चुकत असेल?

उत्तर : करपतो तो आचेमुळे आणि मऊ पडतो तो पाण्यामुळे. आचेचं आधी. रिकामा टोस्टर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट तापवा, मग सँडविच ठेवून आच मंद ते मध्यम करा. एका बाजूला साधारण दोन मिनिटं लागतात. मधे एकदा उघडून रंग बघा. फ्रिजमधली भाजी तशीच भरू नका, आधी तव्यावर कोमट करून घ्या. थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, नाहीतर मधल्या भाजीपर्यंत ऊब पोचायच्या आत ब्रेड जळतो.

आता पाणी, खरी मेख तिथेच आहे. बटाटे सालासकट अख्खे उकडा. चिरून उकडले की पाणी पितात. सोलून दहा मिनिटं उघडे ठेवा, वाफ निघून जाऊ द्या. दोन सँडविचना दोन मध्यम बटाटे पुरतात. चमचाभर तेलात मोहरी, हळद, एक बारीक चिरलेली मिरची, त्यात कुस्करलेला बटाटा, मीठ आणि कोथिंबीर घालून कोरडं परता. भाजीचा गोळा वळून बघा : तळहात ओला झाला तर अजून परतायला हवी.

लोणी आधी, चटणी नंतर. मऊ लोणी ब्रेडच्या आतल्या बाजूला अगदी कडेपर्यंत लावा. त्या थरामुळे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. घट्ट लोणी घासलं तर ब्रेड फाटतो आणि नेमकं तिथूनच पाणी शिरतं. त्यावर चटणी, भाजी, मग कांदा, ढोबळी मिरची आणि टोमॅटोच्या पातळ चकत्या. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका. चाट मसाला आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड शेवटी, टोस्टर बंद करायच्या आधी भुरभुरवा. मसाल्यातल्या मिठाने चकत्यांना लगेच पाणी सुटतं. बाहेरून लोण्याचा अगदी हलका हात पुरे. ब्रेड आदल्या दिवशीचा असेल तर जास्त चांगला, ताजा लुसलुशीत ब्रेड टोस्टरमध्ये दबून चिकट होतो.

झालेला टोस्ट सपाट ताटात ठेवला की खालची वाफ कोंडून तळ ओला होतो. जाळीवर मिनिटभर ठेवा, मगच कापा.

प्रश्न : सँडविचची हिरवी चटणी तासाभरात काळपट होते आणि पातळही असते.

उत्तर : बहुतेक पुदिना जास्त होतोय, कोथिंबिरीपेक्षा तो लवकर काळा पडतो. दोन वाट्या कोथिंबिरीला अर्धी वाटी पुदिना घ्या, फक्त पानं. तीन मिरच्या, इंचभर आलं, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे डाळं. पाण्याऐवजी बर्फाचे दोन-तीन खडे घाला आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा, म्हणजे पातं तापून चटणी गरम होणार नाही. डाळं जास्तीचं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे ब्रेडवरून चटणी ओघळत नाही.

प्रश्न : टोस्टर नाही, तव्यावर जमेल का?

उत्तर : जमेल. जाड बुडाचा तवा, मंद आच, वर सपाट बुडाचं जड पातेलं. कडा बंद होत नाहीत म्हणून भाजी कडेपासून बोटभर आत ठेवा. चीज घालायचं तर किसून दोन्ही स्लाइसना आतून लावा. वितळलं की तेच सँडविच धरून ठेवतं.

प्रश्न : डब्यात द्यायचा असेल तर?

उत्तर : टोमॅटो आणि काकडी वगळा. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या आणि साध्या कागदात गुंडाळा. गरम असतानाच फॉइलमध्ये बांधला तर तो स्वतःच्याच वाफेत भिजतो. कुरकुरीतपणा थोडा कमी होणारच, पण ब्रेडचा लगदा होणार नाही.